दुसरं तेल देऊ नये

यासीन गेल्याचं मला व्हॉट्सअ‍ॅपवर कळलं. पनवेलच्या गॅरेजवाल्यांचा आणि आम्हा स्पेअरपार्टवाल्यांचा एक ग्रुप आहे. सकाळी सुविचार, दुपारी कंपन्यांच्या स्कीम आणि संध्याकाळी राजकारण असा त्यावर रोजचा रतीब असतो. त्या दिवशी सुविचाराच्या जागी यासीनचा फोटो होता. कुणाच्या तरी लग्नातला, हातात सरबताचा ग्लास, नेहमीसारखं अर्धवट हसू. खाली जोडलेल्या हातांच्या चित्रांची लांबच लांब रांग. ‘हरहुन्नरी कारागीर’, ‘दिलदार माणूस’, ‘पनवेलची शान हरपली’... गेली आठ वर्षं ज्यांनी आपली एकही ऑटोमॅटिक गाडी त्याच्या दारात उभी केली नव्हती, त्यांचाच उमाळा सगळ्यात मोठा होता. मीही मागे राहिलो नाही. ‘माझा बालमित्र गेला, असा माणूस पुन्हा होणे नाही,’ असं लिहिलं. त्यावर दहा-बारा जणांनी माझंच सांत्वन केलं आणि मी प्रत्येकाचे आभार मानले. मग दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं आणि स्टुलावर बसून राहिलो. रडू आलं नाही. लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

त्याला आता दीड महिना झाला. या पुरवणीसाठी यासीनवर काहीतरी लिहून द्या, असं मला सांगण्यात आलं. तुम्ही शाळेपासूनचे मित्र, तुमच्याइतकं त्याला कोण ओळखणार, वगैरे. असल्या लेखांची रीत मला ठाऊक आहे. गेलेल्या माणसाचे चार गुण सांगायचे, एखादी गंमत सांगायची, आणि शेवटी आपण किती पोरके झालो ते लिहायचं. आपण त्याच्याशी कसे वागलो हा विषय त्यात येत नाही. मी तो आणणार आहे. माझं दुकान तेलाचं आहे आणि हा लेखही तेलाबद्दलच आहे. ज्यांना तेलात रस नसेल त्यांनी पान उलटायला हरकत नाही.

यासीन आणि मी एका बाकावर बसायचो. तो कोकणी मुसलमानांच्या मोहल्ल्यातला, मी बाजारपेठेतला. त्याचं गणित चांगलं, माझं अक्षर चांगलं, त्यामुळे परीक्षेच्या आधी आमची दोस्ती जास्त घट्ट व्हायची. दहावीनंतर तो एका गॅरेजला लागला आणि पुढे मामाच्या ओळखीनं मस्कतला गेला. तिथे तो सतरा वर्षं होता. तिकडे वाळवंटात सगळ्या गाड्या ऑटोमॅटिक, म्हणजे क्लचचा पेडल नाही, गिअर आपोआप पडतात. त्या काळी आपल्याकडे अशी गाडी दिसली तर लोक काचेला नाक लावून आत बघायचे. यासीन मात्र असे गिअरबॉक्स उघडून, धुऊन, पुन्हा बसवून परत आला. आईनं अंथरूण धरलं म्हणून आला आणि मग इथलाच झाला. उरण नाक्याजवळ पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज टाकलं. पुढे रस्त्यावर ऑटोमॅटिक गाड्या दिसू लागल्या आणि मेकॅनिक मंडळी त्यांना हात लावायला घाबरू लागली, तेव्हा सगळी वाट यासीनच्या शेडकडे वळली. लोक त्याला मास्टर म्हणायचे. मी यासीनच म्हणायचो, आणि मला दिनकरशेठ न म्हणता दिनू म्हणणारा बाजारात तो एकटा उरला होता.

तेलाच्या बाबतीत तो फार कडक. संध्याकाळी दुकानात येऊन बसला की चहाबरोबर मला त्याचं प्रवचन ऐकावं लागे. ‘दिनू, तू तेल विकतोस, पण तुला तेल कळत नाही,’ ही त्याची सुरुवात. ‘ऑटोमॅटिकमध्ये पेडल नाही म्हणून क्लच नाही असं समजू नकोस. आत क्लचच्या चकत्या असतात, कागदासारख्या पातळ, तेलातच बुडालेल्या. त्यांनी किती घसरायचं आणि किती धरायचं, हे तेल ठरवतं. इंजिनात चुकीचं तेल घातलंस तर इंजिन निदान आवाज करतं, बोंबलतं. गिअरबॉक्स बिचारा महिनाभर गप्प बसतो आणि मग एकदम मरतो.’ आमच्याकडे सगळे मेकॅनिक हे तेल रंगावर ओळखतात. लाल असलं की घाला. यासीनला ते ऐकवत नसे. तो म्हणायचा, ‘अरे, लाल रंग कशासाठी? गळायला लागलं तर कुठून गळतंय ते दिसावं म्हणून. रंगात तेवढंच आहे. रुह अफजापण लालच असतं, ते घालतोस का?’ मी हसायचो. चाळीस वर्षं तेल विकून मला त्यातलं अर्धंसुद्धा माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यावं असं वाटलंही नव्हतं.

आमच्या धंद्याची एक पद्धत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मेकॅनिक स्वतः माल आणत नाही. तो गिऱ्हाइकाच्या हातात चिठ्ठी देतो आणि दुकानात पाठवतो. चिठ्ठीवर लिहिलेलं दुकानदार काढून देतो, गिऱ्हाईक ते गॅरेजला नेऊन देतं, मेकॅनिक बसवतो. म्हणजे लिहिणारा एक, देणारा दुसरा आणि भरवसा ठेवणारा तिसरा. यासीनची चिठ्ठी सिगरेटच्या पाकिटाच्या आतल्या पांढऱ्या बाजूवर असायची. सिगरेट तो ओढत नसे, पाकिटं पानवाल्याकडून गोळा करायचा. त्यावर इंग्रजीतून तेलाचा प्रकार, मोठ्या अक्षरात, आणि खाली मराठीतून एक ओळ : ‘दुसरं तेल देऊ नये.’ त्या ओळीवरून मी त्याची थट्टा करायचो. ‘मी काय तुला विष देतो का रे?’ तो म्हणायचा, ‘ते तुझ्यासाठी नाही, तुझ्या नोकरांसाठी आहे.’ माझ्या दुकानातून आलेला डबा त्यानं कधी फिरवून पाहिला नव्हता. झाकण उघडायचा आणि नरसाळं लावायचा.

आता जनादादांविषयी सांगतो. जनादादा उरणकडच्या एका गावातले, जुनं आगरी घराणं, पूर्वी भात आणि मिठागरं, आता बंगला, ट्रॅक्टर आणि खडीचे डंपर. बंदराच्या कामावर आलेल्या एका परदेशी ठेकेदारानं काम संपल्यावर आपल्या गाड्या लिलावात काढल्या, त्यातली एक पिकअप दादांनी उचलली. पांढरी, दांडगी, दोन रांगांची केबिन, मागे उघडा हौदा, आणि ऑटोमॅटिक. तेव्हाच ती बारा-तेरा वर्षांची असेल. गावात हळद असली की मोठी पातेली, सतरंज्या आणि साऊंडची खोकी दादांच्या पिकअपमधून यायची. पुढे दादा, मागच्या सीटवर घरातल्या बायका, आणि हौद्यात पातेल्यांना धरून बसलेले दोन पुतणे. चार गावांत तशी गाडी नव्हती आणि दादांना त्याचा रास्त अभिमान होता.

आठ वर्षांपूर्वी पिकअपचा गिअर उशिरा पडायला लागला. दादा ती यासीनकडे घेऊन आले. त्यानं इंजिन तापेपर्यंत गाडी चालवली, सपाट जागेवर उभी केली, इंजिन चालू ठेवूनच गिअरबॉक्सची तेलपट्टी काढली आणि पांढऱ्या कागदावर एक थेंब टेकवला. मी तिथेच होतो. थेंब तपकिरी होता आणि कडेनं काळा. यासीननं वास घेतला, कागद दादांच्या नाकाशी धरला. म्हणाला, ‘दादा, तेल जुनं झालंय, पण जळलेलं नाही. गाडी वाचेल. सगळं तेल एकदम काढणार नाही मी. इतक्या वर्षांची घाण एका दमात ढवळली तर गिअरबॉक्स धरणार नाही. खालची थाळी उघडून येईल तेवढंच काढीन, तेवढंच घालीन. मग पंधरा दिवस चालवा आणि परत या. पण तेल मी लिहीन तेच पाहिजे. या जुन्या बॉक्सला आजकालचं पातळ तेल चालत नाही.’ दादा म्हणाले, ‘मास्टर, तुमी सांगाल तसा. पन माज्या पुतनीचा साखरपुडा हाय पेनला, तवर गारी हाती पायजे.’ यासीन म्हणाला, मिळेल. त्यानं पाकीट फाडलं, चिठ्ठी लिहिली आणि खाली ती ओळ नेहमीपेक्षा मोठ्या अक्षरात लिहिली.

दादा चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आले. मी त्यांच्याआधी दुकानात पोचून काउंटरला उभा होतो. यासीननं लिहिलेलं तेल माझ्याकडे संपलं होतं. मुंबईहून मागवायला चार दिवस लागले असते. चार दिवस म्हणजे दादा दुसऱ्या दुकानात जाणार, हे मला दिसत होतं. आणि माझ्या मागच्या फळीवर एका कंपनीच्या नव्या तेलाचे डबे छतापर्यंत लागलेले होते. ‘सर्व ऑटोमॅटिक गाड्यांसाठी’ असं वर लिहिलेलं. तो माल ठरल्याइतका खपवला की विक्रेत्यांना जोडीनं बँकॉकची सहल होती आणि आमच्या घरी पासपोर्टचे फोटो काढून झाले होते. मी हे सगळं आता एवढ्या सावकाश लिहितोय, पण तेव्हा एका श्वासाइतकाही वेळ लागला नाही. हात आपोआप फळीकडे गेला. दादांनी डब्याकडे पाहिलं, चिठ्ठीकडे पाहिलं. इंग्रजी त्यांना वाचता येतं, दिसतं ते कळतं. म्हणाले, ‘शेठ, नाव येगला दिसतं.’ मी म्हटलं, ‘तेच आहे दादा. नवीन पॅकिंग. यासीनला सांगा, दिनूनं सांगितलंय तेच आहे.’ ... दहा-अकरा शब्द असतील. दादा डबे घेऊन गेले आणि मी चिठ्ठी नेहमीसारखी खिळ्याला टोचायच्या ऐवजी चुरगाळून टाकली. म्हणजे आपण काय करतोय ते मला नीट माहीत होतं.

दिनूनं सांगितलंय म्हटल्यावर यासीननं झाकण उघडलं आणि नरसाळं लावलं.

पिकअप तीन आठवडे छान चालली. दादा येता-जाता हॉर्न वाजवून जायचे. मग चढावर थोडी थरथर जाणवू लागली. पंधरा दिवसांनी दाखवायला या म्हटलं होतं, पण लग्नघराच्या धांदलीत ते राहून गेलं. साखरपुड्याच्या दिवशी भर दुपारी, गोवा हायवेवर कर्नाळ्याच्या चढाला, इंजिन गुरगुरत राहिलं आणि गाडी जागची हलेना. मागच्या सीटवर दादांच्या आईपासून सगळ्या बायका नटून बसलेल्या, हौद्यात मिठाईच्या आणि फळांच्या करंड्या. आजूबाजूनं ट्रक-बस हॉर्न मारत जाताहेत. शेवटी मुलाकडच्या मंडळींनी पेणहून गाड्या पाठवल्या आणि मुलीकडचा सगळा गोतावळा व्याह्यांच्या गाड्यांत बसून साखरपुड्याला गेला. आगरी समाजात अशी गोष्ट दहा वर्षं चघळली जाते. दादांचा अपमान झाला होता, खराखुरा, आणि त्यांचा राग मला आजही चुकीचा वाटत नाही. तो फक्त चुकीच्या माणसावर निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा क्रेनला पिकअप बांधून आणि चार भाऊबंद घेऊन यासीनच्या शेडवर गेले. तिथे काय बोलले ते मला नंतर कळलं, ते लिहिण्यासारखं नाही. यासीननं ऐकून घेतलं आणि एकच म्हणाला, ‘चला, तेल कुठलं होतं ते दिनूलाच विचारू.’ त्याचा तेवढा विश्वास होता. अर्ध्या तासानं ते सगळे माझ्या दुकानासमोर उभे. आजूबाजूचे दुकानदार बाहेर आले, दोन मेकॅनिक स्कूटर थांबवून बघायला लागले. दादा म्हणाले, ‘शेठ, तुमीच सांगा आता. तेल बरोबर व्हता का नव्हता?’ यासीन माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती, हेच मला आजपर्यंत खातं. मित्राच्या दारात आलोय, आता दोन मिनिटांत सगळं साफ होईल, असा चेहरा. म्हणाला, ‘दिनू, मी लिहिलं तेच दिलं होतंस ना?’

मी म्हटलं, ‘हो. तेच.’

इथे थांबलो असतो तरी थोडंफार माणसात जमा झालो असतो. पण खोटं बोलणाऱ्याला पुढे दोन शब्द जास्त बोलल्याशिवाय चैन पडत नाही. मी म्हटलं, ‘तेल एक नंबर आहे दादा. उघडझाप करताना काहीतरी राहून गेलं असेल. वय झालं आता मास्टरचं.’ लोक हसले. यासीन हसला नाही, रागावलाही नाही. म्हणाला, ‘मग माझंच काहीतरी चुकलं असणार.’ आणि चालत निघून गेला. दादांनी पिकअप तशीच क्रेननं पुण्याला नेली. तिथल्या लोकांनी हात वर केले आणि ती शेवटी भंगारात गेली.

पनवेल आता मोठं झालं म्हणतात, नवीन पनवेलचे सेक्टर झाले, टॉवर झाले, पण गॅरेजवाल्यांचं पनवेल अजून एका चहाच्या टपरीएवढंच आहे. आठवडाभरात ओवे गावापासून उरणपर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं की यासीननं जनादादांचा गिअरबॉक्स खाल्ला. साक्षीदार कोण, तर त्याचा लहानपणचा दोस्त. माझ्या नावानं त्या गोष्टीला वजन आलं. ऑटोमॅटिक गाड्या यायच्या थांबल्या. सतरा वर्षं परदेशात शिकलेली विद्या शेडमध्ये पडून राहिली आणि यासीन टेम्पोचे ब्रेक आवळत, रिक्षांचे क्लच बदलत बसला. मुलगा म्हणाला, अब्बा, मी पण गल्फला जातो, इथे काय आहे? तो गेला. मास्टर म्हणणारे हळूहळू यासीनचाचा म्हणू लागले. आम्ही नवरा-बायको बँकॉकला जाऊन आलो. बायकोनं तिथून यासीनच्या घरी द्यायला एक हत्ती आणला होता, लाकडी. तो मी दिला.

त्या भांडणानंतर महिन्याभरानं एकदा त्याच्या शेडवर गेलो होतो, तेव्हा मी दिलेल्या तेलाचा डबा दिसला. वरचं तोंड कापून त्यानं त्यात नटबोल्ट ठेवले होते. लेबल दर्शनी बाजूला. यासीननं माझी नजर पाहिली. मग चहा सांगितला. म्हणजे त्याला कळलं होतं. त्या दिवशी मी घरी गेलो तो हलका होऊन. मला वाटलं, कळूनही तो गप्प बसलाय, चारचौघांत माझं नाव घेतलं नाही, म्हणजे दोस्तीखातर त्यानं माझा अपराध पोटात घातला. माफ केलं. पुढची आठ वर्षं मी या समजुतीवर सुखात काढली. त्याचं मोठेपण आठवून अधूनमधून माझे डोळेही भरून यायचे. दुसऱ्याच्या मोठेपणावर आपण किती स्वस्तात चांगले होतो...

तो गेला तो हृदयविकारानं, सकाळी, चहा व्हायच्या आत. दुपारच्या नमाजनंतर दफन होतं. मी गेलो, तीन मुठी माती टाकली. जनादादाही आले होते. मातीआड गेलेल्या माणसाबद्दल मनात काही ठेवू नये, एवढं त्यांना कळतं. परत येताना ते म्हणाले, ‘मानूस चांगला व्हता. त्या गारीचा सोरला तर.’ त्या गाडीचं सोडलं तर. तेच मला सहन झालं नाही. इतकी वर्षं ते वाक्य दादांच्या तोंडी मीच घातलं होतं, पण ऐकलं ते कबरस्तानाच्या दाराशी.

चार दिवसांनी त्यांच्या बंगल्यावर गेलो. ओटीवर बसून सगळं सांगितलं. संपलेलं तेल, फळीवरचे डबे, बँकॉक, चुरगाळलेली चिठ्ठी, सगळं. दादा शेवटपर्यंत ऐकत होते. मला वाटलं, आता उठून कानफटात मारतील. मारली असती तर फार बरं झालं असतं. पण त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. ‘शेठ, तुमी लय मोठ्या मनाचं हाव. दोस्त गेला, तुमाला दुख हाय. त्याचा डाग आपल्या अंगाव घ्याला आलाव. पन आमाला काय येरा समजताव? तवा चार मानसांत तुमीच सांगितला ना, तेल बरोबर हाय म्हनून.’ मी म्हटलं, ‘दादा, खोटं बोललो होतो.’ ते म्हणाले, ‘नाय वो. तवा खरा बोललाव, आता खोटा बोलताव.’ आणि आत सांगून मला जेवायला बसवलं. दुसऱ्या दिवशी एका गॅरेजवाल्याकडून त्यांनी आमच्या ग्रुपवर लिहवून घेतलं की दोस्ती असावी तर दिनकरशेठसारखी, मेलेल्या मित्राची चूक स्वतःवर घेणारी. पुन्हा जोडलेल्या हातांची रांग, या वेळी माझ्यासाठी. मी खाली लिहिलं की चुकीचं तेल खरंच मीच दिलं होतं. त्यावर आणखी हात जोडले गेले.

खोटं एका वाक्यात सगळ्यांना पटलं होतं. खरं कोणी घेईना. मग मी रेहानाभाभीकडे गेलो, यासीनच्या बायकोकडे. निदान तिथे तरी मला कोणी चांगला म्हणणार नाही, असं वाटलं. भाभी इद्दतीत, म्हणजे नवरा गेल्यानंतर पाळायच्या एकांतात होत्या, पडद्याआडून बोलल्या. त्यांची बहीण मधल्या दाराशी बसली होती. मी सगळं सांगितलं. भाभी म्हणाल्या, ‘मला माहीत आहे भाऊ. त्या दिवशी घरी आले, ते डबा हातात घेऊनच आले. मला वाचून दाखवला.’ मी म्हटलं, ‘तरी त्यानं कुणाला सांगितलं नाही. मला माफ केलं त्यानं.’

मग भाभी म्हणाल्या, ‘माफीचं ते काही बोलले नाहीत. मीच म्हटलं, जा, जनादादांना डबा दाखवा, दिनूभाऊंचं नाव सांगा. तर म्हणाले, काय सांगू? तेल मी ओतलं, डबा मी वाचला नाही. म्हणाले, त्याचा काय गुन्हा, तो दुकानदार आहे, असेल ते विकणारच. वाचायचं काम माझं होतं.’

चाळीस वर्षांत यासीननं मला काय काय म्हटलं होतं. गाढव म्हटलं होतं, कंजूष म्हटलं होतं, रागाच्या भरात एकदा शिवीही दिली होती. दुकानदार कधी म्हटलं नव्हतं. मी माफी समजून जे उराशी धरून बसलो होतो, ती माफी नव्हतीच. माफ करायला आधी माणसावर रागवावं लागतं, आणि राग येण्याइतकाही मी त्याच्या लेखी उरलो नव्हतो. भाभींचा आवाज साधा होता, त्यांना मला दुखवायचं नव्हतं. मी चहा प्यालो आणि निघालो.

दुकानात येऊन बसलो आणि मग इतक्या वर्षांचं एक एक डोळ्यांसमोर यायला लागलं. त्या प्रकारानंतरही यासीन माझ्याकडेच माल घ्यायला येत होता, जवळचं दुकान माझंच. पण चिठ्ठी लिहिणं त्यानं बंद केलं होतं. स्वतः यायचा. डबा हातात घ्यायचा, चष्मा वर करायचा, पुढची बाजू वाचायचा, मग फिरवून मागची बारीक अक्षरं, ओठ हलवत, शेवटच्या ओळीपर्यंत. ब्रेकचं तेल, ग्रीस, कूलंट, काहीही असो. पूर्ण वाचून झाल्याशिवाय काउंटरवरून उचलायचा नाही. मला वाटायचं, डोळे गेले बिचाऱ्याचे. मी त्याची चेष्टा केली, आणि एका दिवाळीत त्याला एक भिंग आणून दिलं. ‘घे, आता सावकाश वाच, परीक्षा आहे का उद्या?’ त्यानं ते घेतलं, शुक्रिया म्हणाला, आणि घरी न नेता माझ्याच काउंटरवर ठेवून दिलं. तिथेच लागतं म्हणाला. शेवटच्या आठवड्यातसुद्धा त्यानं ते उचलून गिअर ऑइलचा डबा वाचला होता, माझ्या डोळ्यांसमोर, आणि मी त्याच्याशी क्रिकेटबद्दल बोलत होतो.

जनादादांच्या पिकअपचा गिअरबॉक्स यासीननं घालवला नाही. त्यानं लिहिलेलं तेल बरोबर होतं. मी दुसरं दिलं. हे इथे छापून यावं एवढ्यासाठी हा लेख लिहिला, आणि हेही वाचून लोक मला मोठ्या मनाचा म्हणतील याची मला पूर्ण खात्री आहे.

भिंग काउंटरवरच आहे. परवा खारघरचा एक माणूस जुन्या ऑटोमॅटिक गाडीसाठी तेल घ्यायला आला. मी डबा काढून दिला. त्यानं नाव पाहिलं, मोबाइलवर काहीतरी ताडून पाहिलं आणि मला विचारलं, ‘काका, हे तेच आहे ना? तुम्ही म्हणाल तर घेतो.’

मी भिंग त्याच्या पुढे सरकवलं. म्हटलं, ‘मला विचारू नका. वाचून घ्या.’